श्रूजबरी: बिस्किटाच्या नावाचं गाव, नदीकाठचा फेरफटका आणि चौकातला क्लाइव्ह



हाफ टर्म जवळ आली की घरोघरी एकच प्रश्न: मुलांना घेऊन एका दिवसात कुठे जाऊन येता येईल? लंडन महाग पडतं, लेक डिस्ट्रिक्ट लांब पडतं, आणि सॉफ्ट प्लेला मुलंही कंटाळलेली असतात आणि आपणही. म्हणून आज एका गावाबद्दल जरा सविस्तर लिहिते. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. सोबत नऊ फोटो टाकलेत, त्याच क्रमाने चालत जाऊ.

गावाचं नाव श्रूजबरी. पुणेकरांना वेगळं सांगायला नको. कॅम्पातल्या कयानी बेकरीसमोर रांग लावून ज्याचे खोके घेतो आणि परतीच्या बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये जपून कोंबतो, त्या बिस्किटाला ज्याचं नाव मिळालं ते हे गाव. इथे कॅसल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर एक पाटी आहे. पेलिन नावाच्या माणसाने १७६० मध्ये याच जागी आपल्या खास कृतीने श्रूजबरी केक बनवले, असं ती सांगते. नाव केक असलं तरी ते खुसखुशीत बिस्किटच. तशी कृती त्याहूनही जुनी आहे, सतराव्या शतकातल्या इंग्रजी पाकपुस्तकांत ती सापडते. गावातले लोक मात्र अजून उच्चारावरून भांडतात, श्रूजबरी म्हणायचं की श्रोजबरी. आपण "श्रूजबेरी" म्हणून तिसरीच भर घातली आहे!

बर्मिंगहॅमहून ट्रेनने साधारण तासाभराचा रस्ता. गाव सुंदर आहेच. काळ्या लाकडी पट्ट्यांची पांढरी घरं, सेव्हर्न नदी, पूल, बागा, फोटोला कुठेही उभे राहा. पण मी हे लिहितेय त्याचं कारण वेगळं आहे. आपल्याकडे म्हणतात, नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये. या गावात मुलांना घेऊन फिरताना नेमकं उलटं करावं असं मी म्हणेन. नदीचं मूळ विचारायचं, आणि पैशाचं कूळही विचारायचं. प्रत्येक देखण्या इमारतीपुढे फोटो काढून झाला की एकच प्रश्न: "हे बांधायला पैसा कुठून आला?" बघा, इतिहास कसा आपोआप बोलायला लागतो. आणि शेवटी चौकात जो माणूस ब्राँझचा होऊन उभा आहे, त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर मुलांना प्रश्न विचारायची सवय लागलेली असेल.

फोटो १: वेल्श ब्रिज

सुरुवात इथून करा. सेव्हर्न ही ब्रिटनमधली सगळ्यात लांब नदी, सुमारे २२० मैल. वेल्समध्ये प्लिनलिमन डोंगरावर उगम पावते आणि ब्रिस्टलजवळ समुद्राला मिळते. श्रूजबरीपाशी तिने असा वळसा घेतलाय की गाव जवळजवळ बेट झालंय. तीन बाजूंनी पाणी, आणि एका बाजूला जमिनीची अरुंद मान. त्या मानेवर किल्ला. गाव वसवणाऱ्यांनी जागा का निवडली हे दहा वर्षांच्या पोरालाही नकाशा बघून कळतं. आपल्या मुरुड-जंजिऱ्याला समुद्राने जे दिलं, ते इथे नदीने दिलं.

गावात दोन मोठे जुने पूल. पश्चिमेचा वेल्श ब्रिज, पूर्वेचा इंग्लिश ब्रिज. एकाकडून वेल्सला जायचं, दुसऱ्याकडून इंग्लंडमध्ये. हे सीमेवरचं गाव आहे, आणि वेल्श भाषेत त्याला वेगळंच नाव आहे, अम्वीथिग. घरात एक भाषा आणि दाराबाहेर दुसरी, हे आपल्या मुलांना काय नवीन सांगायचं! आत्ताचा वेल्श ब्रिज १७९५ चा, त्याआधी इथे बुरुज असलेला मध्ययुगीन पूल होता.

पुलाखालच्या धक्क्यावर एकेकाळी सेव्हर्नवरच्या मालवाहू होड्या लागायच्या. नदीला ओढ असली की होड्या वर कशा यायच्या? माणसं दोर छातीला लावून काठाने ओढायची. घोड्यांसाठी ओढवाट झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. पुलावरून फोटो काढताना मुलांना काठाची ती वाट दाखवा. आज तिथे लोक जॉगिंग करतात.

फोटो २: क्वांटम लीप

वेल्श ब्रिजच्या बाजूलाच, नदीकाठी, एक मोठं काँक्रीटचं शिल्प आहे. कुणाला त्यात पाठीचा कणा दिसतो, कुणाला डायनोसॉर. चार्ल्स डार्विनच्या जन्माला २०० वर्षं झाली तेव्हा, २००९ मध्ये ते बसवलं. हो, डार्विन इथलाच. १२ फेब्रुवारी १८०९ ला नदीपलीकडच्या "द माउंट" या घरात जन्मला.

इथे प्रश्न विचारायचा: डार्विनला पैसा कुठून? कारण तो पाच वर्षं बीगल जहाजावर जगभर हिंडला, नंतर आयुष्यभर नोकरी न करता संशोधन केलं. वडील रॉबर्ट डार्विन डॉक्टर होते, आणि लोकांना कर्ज देणारे, गुंतवणूक करणारे हुशार सावकारही होते. आई सुझाना ही वेजवुड घराण्यातली, तेच चिनीमातीच्या भांड्यांवाले वेजवुड. तिचे वडील जोसाया वेजवुड यांनी १७८७ मध्ये साखळदंडातल्या गुलामाचं चित्र असलेलं पदक बनवून गुलामगिरीविरोधी चळवळीला दिलं. म्हणजे पैशाला कूळ असतं तसं मतही असतं. हे ध्यानात ठेवू, पुढे उपयोगी पडेल.

फोटो ३: क्वॉरीतली लिंडनची रांग

नदीकाठाने चालत आलं की क्वॉरी नावाची मोठी बाग लागते, जवळजवळ २९ एकरांची. नावाप्रमाणे इथे एकेकाळी दगडाची खाण होती. त्या खड्ड्यातच आता डिंगल नावाची खोलगट फुलबाग आहे. पर्सी थ्रोअर नावाचे बागकामाचे प्रसिद्ध टीव्हीवाले इथले बागप्रमुख होते, १९४६ पासून १९७४ पर्यंत. इथला फ्लॉवर शो १८७५ मध्ये सुरू झाला.

नदीच्या कडेने झाडांची जी रांग दिसते ती मुळात १७१९ मध्ये लावली होती. जुनी झाडं विसाव्या शतकात काढून नवी लावली, पण रांग तीच. उन्हाळ्यात आजी-आजोबा व्हिजिटर व्हिसावर आले असतील तर त्यांना जरूर आणा. वाट सपाट आहे, बाकं भरपूर आहेत, गुडघे कुरकुरत नाहीत.

फोटो काढणाऱ्यांसाठी एक टीप. संध्याकाळी पोर्टहिल ब्रिज या झुलत्या पादचारी पुलावर जा आणि गावाकडे तोंड करून उभे राहा. सूर्य तुमच्या पाठीशी असतो, आणि टेकडीवरचं सेंट चॅड्स चर्च सोनेरी दिसतं.

फोटो ४: सेंट चॅड्स

हे गोल चर्च १७९२ चं. आधीचं जुनं सेंट चॅड्स १७८८ मध्ये कोसळलं, म्हणून हे नव्या जागी बांधलं. डार्विनचा बाप्तिस्मा इथे झाला. पण मुलांना जास्त मजा वाटते ती चर्चच्या आवारातल्या एका थडग्याच्या दगडाची. त्यावर एबेनेझर स्क्रूजचं नाव आहे! डिकन्सच्या "अ ख्रिसमस कॅरोल"वर १९८४ मध्ये जो चित्रपट निघाला त्याचं चित्रीकरण या गावात झालं आणि तो दगड इथेच राहिला. जो माणूस कधी जन्मलाच नाही त्याचं थडगं बघायला लोक लांबून येतात. मुलांना विचारा, दगडावर कोरलं म्हणजे खरं झालं का? सध्या नुसतं हसू द्या. प्रश्न चौकात कामाला येतो.

फोटो ५: इंग्लिश ब्रिज

पोर्टहिलवरून परत काठाला येऊन वळशाने पुढे चालत राहा. पलीकडच्या उंचावर श्रूजबरी स्कूलच्या इमारती दिसतात. मग किंग्जलंड ब्रिज लागतो. तो खासगी मालकीचा आहे आणि गाडीला अजून टोल पडतो. चालणाऱ्यांना नाही. मग इंग्लिश ब्रिज. जॉन ग्विन याने आखलेला, १७७४ मध्ये पुरा झालेला. १९२० च्या दशकात रहदारी वाढली म्हणून तो उतरवून, रुंद करून, जुनेच दगड वापरून पुन्हा बांधला.

पुलापलीकडे लाल दगडाची ॲबी दिसते. रॉजर द माँटगमरी या नॉर्मन सरदाराने १०८३ मध्ये स्थापलेली. किल्लाही त्याच्याच काळातला. इंग्लंडच्या विल्यम राजाने १०८६ मध्ये देशाची जी मोजदाद करवली, ती डूम्सडे बुक, तिच्यात नोंद आहे की श्रूजबरीच्या किल्ल्यासाठी ५१ घरांची जागा गेली. तरी कर मात्र गावाला पूर्वीइतकाच भरावा लागत होता, अशी लोकांची तक्रारही तिथेच नोंदवलेली आहे. नॉर्मन लोक १०६६ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरून येऊन हा देश जिंकून बसले होते. म्हणजे ज्या इंग्रजांनी पुढे आपल्यावर राज्य केलं, त्यांच्यावरही एकेकाळी परक्याने किल्ले बांधून राज्य केलं. आपल्या मुलांना इथल्या शाळेत १०६६ पाठ असतं. ५१ घरं मात्र कुणी सांगत नाही.

फोटो ६: स्टेशन आणि किल्ला

नदीच्या काठाने आणखी थोडं गेलं की रेल्वे स्टेशन. १८४८ चं. त्याचे प्लॅटफॉर्म चक्क नदीवर पूल टाकून बांधलेले आहेत. ट्रेनवेड्या मुलांसाठी: बाजूचं सेव्हर्न ब्रिज जंक्शन हे सिग्नल बॉक्स १९०३ चं, १८० लिव्हर बसतील एवढं, आणि हाताने खेचायच्या लिव्हरवर चालणाऱ्या सिग्नल बॉक्सांत जगातलं सगळ्यात मोठं म्हणून प्रसिद्ध आहे.

स्टेशनच्या डोक्यावर किल्ला. किल्ल्यासमोर जुनी शाळा, जिथे आता वाचनालय आहे. दारात डार्विन खुर्चीत बसलाय, पुतळा १८९७ चा. या शाळेत तो १८१८ ते १८२५ होता. वसतिगृहात राहायचा, पण घर मैलभरावर, म्हणून संधी मिळेल तेव्हा पळत घरी जाऊन यायचा. घरी भावाबरोबर रसायनांचे प्रयोग करायचा म्हणून पोरांनी त्याचं नाव "गॅस" पाडलं होतं, आणि हेडमास्तरांनी असल्या फालतू गोष्टींत वेळ घालवतो म्हणून सगळ्यांसमोर झापलं होतं. वडिलांनाही वाटायचं की शिकार, कुत्री आणि उंदीर यापलीकडे याला काही सुचत नाही. इलेव्हन प्लसच्या तयारीने घर डोक्यावर घेतलेल्या आई-बाबांनी या पुतळ्यापुढे दोन मिनिटं शांत उभं राहावं!

फोटो ७: प्राइड हिल

इथून चढ आहे. आजी-आजोबांना हळूहळू न्या. प्राइड हिल ही आता खरेदीची गल्ली. पण तिच्या वरच्या टोकाला, हाय क्रॉसपाशी, ३ ऑक्टोबर १२८३ ला डेव्हिड ऑफ वेल्स, वेल्श नावाने दाव्हिद आप ग्रिफिद, याला इंग्लंडच्या राजाने हाल हाल करून मारलं. वेल्सचा तो शेवटचा स्वतंत्र राजपुत्र. संभाजी महाराजांचं नाव ज्या घरात घेतलं जातं तिथे याहून जास्त सांगायला नको. लहान मुलांना तपशील सांगू नका, पण मोठ्यांना सांगा: साम्राज्य समुद्रापलीकडे जाण्याआधी शेजारच्या घरापासूनच सुरू होतं.

आजूबाजूला अरुंद बोळ आहेत. त्यांना इथे "शट" म्हणतात. पुण्यातल्या जुन्या पेठांमधले बोळ आठवतात, फक्त इथे स्कूटर येत नाही.

फोटो ८: व्यापाऱ्यांची घरं आणि जुनं मार्केट हॉल

हाय स्ट्रीटवर आयर्लंड्स मॅन्शन (१५७५) आणि ओवेन्स मॅन्शन (१५९२) ही दोन लाकडी सांगाड्याची घरं आहेत. इन्स्टाग्रामवर हीच दिसतात. चौकात १५९६ चं दगडी मार्केट हॉल. पैसा कुठून? लोकरीतून. वेल्समधले शेतकरी घरी विणलेलं जाडंभरडं लोकरीचं कापड इथे आणायचे, श्रूजबरीचे कापडवाले ते विकत घ्यायचे, त्यावर शेवटचा हात फिरवून लंडनला पाठवायचे. दर ठरवणारे हेच, कारण जवळजवळ मक्तेदारीच यांची. विणकर डोंगरात राहिला आणि हवेली बाजारात उभी राहिली. मार्केट हॉलच्या खाली धान्याचा बाजार, वर कापडाचा. आज तिथे सिनेमा आणि कॅफे आहे.

या वेल्श कापडाचा आणखी एक प्रवास आहे. त्याचं जाडं, स्वस्त वाण पुढे अटलांटिकपलीकडे गेलं, मळ्यांवरच्या गुलामांचे कपडे शिवायला. वेल्सच्या डोंगरातल्या गरीब विणकराला याचा पत्ताही नसेल. पण धागा तिथपर्यंत पोचला होता. व्यापार हा असा असतो, मंडळी. दोन्ही टोकांची माणसं एकमेकांना कधी बघत नाहीत. मधल्याचं घर मात्र फोटोत छान येतं.

फोटो ९: चौकातला क्लाइव्ह

आता या पोस्टचं खरं कारण. मार्केट हॉलच्या चौकात, हाय स्ट्रीटच्या बाजूला, उंच चौथऱ्यावर रॉबर्ट क्लाइव्ह उभा आहे. शिल्पकार बॅरन मारोकेटी, साल १८६०.

क्लाइव्हचा जन्म १७२५ चा, याच श्रॉपशायर परगण्यातल्या मार्केट ड्रेटनजवळचा. अठराव्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीचा कारकून म्हणून मद्रासला निघाला. २३ जून १७५७ ला प्लासी. लढाईनंतर मीर जाफरकडून त्याला एकट्याला २ लाख ३४ हजार पौंड मिळाले, शिवाय पुढे वर्षाला २७ हजार पौंडांची जहागीर. त्या काळात लंडनचा मजूर वर्षाला वीस-पंचवीस पौंड कमवायचा, यावरून अंदाज घ्या. मग १७६१ मध्ये हा श्रूजबरीचा खासदार झाला आणि १७७४ मध्ये मरेपर्यंत राहिला. १७६२ मध्ये गावाचा मेयरही झाला. श्रॉपशायरमध्ये मोठ्या जमिनी घेतल्या. १७६५ मध्ये बादशहाकडून कंपनीला बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, मिळवून दिला. पाचच वर्षांत, १७७० मध्ये, बंगालात भीषण दुष्काळ पडला. तेव्हा क्लाइव्ह भारतात नव्हता, पण वसुली कंपनीची होती आणि ती थांबली नाही. वॉरन हेस्टिंग्जनेच पुढे लिहिलं की निदान एक तृतीयांश लोक मेले असावेत.

हे आपल्याला थोडंफार माहीत असतं. जे सहसा माहीत नसतं ते असं, की प्लासीच्या आधी हा माणूस आपल्या कोकणात येऊन गेला होता.

१७५५ च्या अखेरीस क्लाइव्ह विलायतेहून मुंबईत उतरला. दक्षिणेत फ्रेंचांविरुद्ध मोहीम काढायची होती, ती बारगळली. इकडे मुंबईकर इंग्रज आणि नानासाहेब पेशवे यांचा तह झालेला होता, तुळाजी आंग्र्यांविरुद्ध. तुळाजी म्हणजे कान्होजींचा मुलगा. पुण्याचं ऐकेना, आणि समुद्रावर कुणालाच जुमानेना. १७५५ च्या एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला होता. आता पाळी विजयदुर्गाची. इंग्रजी कागदपत्रांत त्याला घेरिया म्हणतात.

फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनचं आरमार मुंबईहून निघालं, जमिनीवरच्या फौजेचा प्रमुख क्लाइव्ह, वय तीस. निघण्याआधीच लुटीतला वाटा कुणाला किती हे अधिकाऱ्यांनी बसून ठरवलं होतं. जमिनीकडून पेशव्यांची फौज होती. १२ फेब्रुवारीला तोफा सुरू झाल्या. आंग्र्यांच्या एका जहाजाने पेट घेतला, आणि एकमेकांना बांधून ठेवलेलं सगळं आरमार जळालं. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. तुळाजी पेशव्यांच्या हाती लागला आणि कैदेतच मेला. कराराप्रमाणे किल्ला पेशव्यांना मिळायचा होता, पण आत आधी शिरले इंग्रज. सुमारे दहा लाख रुपयांची लूट त्यांनी आपसात वाटून घेतली. किल्ला सोडला तो ऑक्टोबरमध्ये, आणि बदल्यात बाणकोट पदरात पाडून घेतलं.

तिथून क्लाइव्ह मद्रासकडे, तिथून बंगालला. विजयदुर्गापासून प्लासीपर्यंत अवघे सोळा महिने.

मुलांना ही गोष्ट सांगितली की एक प्रश्न हमखास येतो, माझ्या लेकीनेही विचारला: "मग आपले लोक इंग्रजांच्या बाजूने का होते?" हा प्रश्न टाळू नका. खरं सांगा. पेशव्यांच्या दृष्टीने तो हुकूम न मानणाऱ्या सरदाराचा बंदोबस्त होता. कोकणातल्या कोळ्याच्या दृष्टीने काय होतं, कुणी लिहून ठेवलं नाही. इंग्रजांच्या दृष्टीने ते मुंबईसमोरचा काटा काढणं होतं. प्रत्येकाने आपापला हिशोब केला, आणि प्रत्येकाचा हिशोब त्या दिवसापुरता बरोबर होता. पण कान्होजींनी उभं केलेलं मराठ्यांचं ते सागरी बळ पुन्हा तसं उभं राहिलं नाही. "त्यांनी आपल्याला लुटलं" हे खरंच आहे. पण तेवढंच सांगितलं तर मुलांच्या हाती अर्धी गोष्ट येते, आणि अर्धी गोष्ट शाळेतल्या पहिल्याच वादात कोलमडते. पूर्ण गोष्ट आली तर ती टिकते. भांडणारी दोन घरं आणि दारात उभा तिसरा, एवढं कळायला पोराला डिग्री लागत नाही.

आता पुतळ्याकडे परत बघा. क्लाइव्ह मेला १७७४ ला. जिवंत असताना पार्लमेंटात त्याच्या संपत्तीची चौकशी झाली होती, इंग्लंडमध्येच लोक त्याला नावं ठेवत होते. मोरटन से या खेड्यातल्या चर्चमध्ये त्याला पुरलं तेव्हा वर नावाचा दगडही नव्हता. मग ८६ वर्षांनी पुतळा का? साल बघा, १८६०. १८५७ चा उठाव नुकताच मोडला होता. १८५८ मध्ये कंपनी जाऊन राणीचं राज्य आलं होतं. अशा वेळी देशाला एक संस्थापक हवा असतो. चौथऱ्यावर क्लाइव्ह आहे, पण पुतळा सांगतो ते १८६० च्या इंग्लंडबद्दल. स्क्रूजच्या दगडापाशी विचारलेला प्रश्न इथे पुन्हा विचारा: वर चढवलं म्हणजे खरं झालं का?

२०२० मध्ये हा पुतळा हटवावा म्हणून मोठी मागणी झाली, हजारो सह्या झाल्या. कौन्सिलमध्ये मतदान झालं आणि पुतळा तिथेच ठेवायचं ठरलं. तुमचं मत काहीही असो, आपल्या मुलांसाठी तो सध्या तिथे आहे, आणि त्याच्यासमोर उभं राहून बोलता येतं. मला विचाराल तर, पुतळा राहो वा जावो, त्याच्याखाली आपली मुलं गप्प उभी राहून सेल्फी काढून गेली तर ते मला जास्त खुपेल.

जाण्याआधी थोडं कामाचं

फेरी साधारण दोन मैलांची. मुलं, थांबे, आइस्क्रीम धरून चार तास ठेवा. हिवाळ्यात नदीला पूर येतो, तेव्हा काठाची वाट आणि फ्रँकवेलचा कार पार्क पाण्याखाली जातो. निघण्याआधी पाण्याची पातळी बघून घ्या. ट्रेनने आलात तर क्रम थोडा बदला: स्टेशनवरून आधी किल्ला आणि शाळा, मग उतरून वेल्श ब्रिज, नदीकाठाने वळसा, आणि इंग्लिश ब्रिजवरून वाइल कॉपच्या चढाने चौकात. कसंही केलंत तरी क्लाइव्ह शेवटी ठेवा.

दुसऱ्या दिवशी वेळ असेल तर ट्रेनने अर्ध्या तासाच्या आत वेल्शपूलला जा. सेव्हर्नच्याच खोऱ्यात, उगमाच्या बाजूला. तिथल्या पोविस कॅसलमध्ये क्लाइव्ह घराण्याने भारतातून आणलेल्या हजाराहून जास्त वस्तू आहेत. क्लाइव्हच्या मुलाचं लग्न त्या घराण्यातल्या मुलीशी झालं, म्हणून संग्रह तिथे गेला. टिपू सुलतानाचा छापील सुती तंबू तिथे आहे. पैशाचं कूळ शोधत नदीने वर जायचं तर हा पुढचा थांबा.

आणि मुलांना एक काम द्या. चौकातल्या बाकावर बसवून, हातात वही देऊन सांगा: या पुतळ्याखाली पाटी लावायची आहे, चारच ओळी, आणि एकही शब्द खोटा नको. एक पाटी इंग्रजीत, एक मराठीत. मराठीतली आजी-आजोबांना फोनवर वाचून दाखवायची. विजयदुर्ग त्या चार ओळींत बसवायचा की नाही, हे त्यांचं त्यांना ठरवू द्या. आपण फक्त शुद्धलेखन बघायचं.